डेटाबेस सर्व्हर हाती घेताना: आधी तो परत उभा करायला शिकावे

डेटाबेस सर्व्हरची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर येते, तेव्हा बहुतेकांचे लक्ष वेगाकडे जाते. कोणते सेटिंग वाढवले की क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) लवकर परत येईल, कुठे इंडेक्स (ओळी पटकन शोधण्याची सूची) घालावा, मेमरी किती द्यावी, हे प्रश्न आधी सुचतात. माझ्या मते ही सुरुवात उलट्या टोकाने होते. सर्व्हर संथ झाला तर लोक तक्रार करतात आणि दुरुस्तीला अवधी मिळतो. डेटा गेला आणि तो परत आणता आला नाही, तर पुढे करण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणून या लेखात सर्व्हर मांडल्यानंतर लगेच बॅकअप परत उभा करण्याचा सराव घेतला आहे आणि वेगाचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

उदाहरणासाठी मी पोस्टग्रेसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर घेतो, कारण ते मुक्त आहे, त्याची कागदपत्रे उत्तम आहेत आणि स्वतःच्या संगणकावर ते विनाशुल्क चालवता येते. मात्र एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल (डेटा टेबलांत मांडण्याच्या) प्रतिमानावरच मायएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर हेही उभे असल्यामुळे येथील बहुतेक विचार तिकडेही लागू पडतात. आज्ञांची नावे आणि काही अंतर्गत रचना मात्र बदलतात.

सर्व्हर मांडणे

सरावासाठी एक वेगळे आभासी यंत्र घ्यावे आणि त्यावर लिनक्स व पोस्टग्रेसक्यूएल बसवावे. चालू कामाच्या सर्व्हरवर शिकू नये, कारण शिकण्यासाठी मोडतोड करावी लागते. आवृत्ती निवडताना एवढे लक्षात ठेवावे की साधारण दरवर्षी एक नवी मुख्य आवृत्ती येते आणि प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. मुख्य आवृत्तीच्या आतल्या छोट्या सुधारणा बसवायला सहसा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे पुरते, आणि त्या वेळच्या वेळी बसवाव्यात. मुख्य आवृत्ती बदलताना मात्र डेटा साठवण्याची अंतर्गत मांडणी बदलू शकते, त्यामुळे ते स्वतंत्र, आखून करायचे काम आहे.

सर्व्हर सुरू झाल्यावर चित्रमय साधनाकडे न वळता ‘पीएसक्यूएल’ या आज्ञापटलावरच्या साधनाने जोडणी करावी. चित्रमय साधने वाईट नाहीत, पण अडचणीच्या रात्री दूरवरच्या यंत्रावर काळ्या पडद्याखेरीज काही उपलब्ध नसते, आणि त्या वेळी नवीन साधन शिकण्याची उसंत नसते. जोडणी झाल्यावर ‘शो डेटा_डिरेक्टरी’ ही आज्ञा द्यावी. उत्तरात जो मार्ग येतो, त्या फोल्डरमध्ये आपला सगळा डेटा आहे. ते फोल्डर उघडून पाहावे, आतील नावे वाचावीत, पण तेथील एकही फाइल हाताने हलवू किंवा पुसू नये.

त्यातील ‘पीजी_वॉल’ हे उपफोल्डर नीट समजून घ्यावे. एखादा व्यवहार (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा बदलांचा गट) ‘कमिट’ म्हणजे पक्का केला आणि सर्व्हरने होकार दिला, म्हणजे नेमके काय घडले? टेबलातील ओळी ज्या ८ किलोबाइटच्या पानांवर असतात, ती पाने त्या क्षणी डिस्कवर लिहिली गेली असतीलच असे नाही; ती मेमरीत बदलतात आणि नंतर, नेहमीच्या सेटिंगप्रमाणे दर पाच मिनिटांनी येणाऱ्या चेकपॉइंटपर्यंत, डिस्कवर उतरतात. होकार देण्याआधी जे डिस्कवर खात्रीने पोहोचते ती या फोल्डरातील नोंदवही असते, जी १६ मेगाबाइटच्या तुकड्यांत लिहिली जाते. मध्येच वीज गेली, तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना हीच नोंदवही शेवटच्या चेकपॉइंटपासून वाचतो आणि प्रत्येक पूर्ण झालेला व्यवहार परत लागू करतो. दहाव्या आवृत्तीपूर्वी या फोल्डरचे नाव ‘पीजी_एक्सलॉग’ होते. नावात ‘लॉग’ दिसल्यामुळे डिस्क भरली की काही जण जुने बिनकामाचे लॉग समजून त्यातल्या फाइल पुसत आणि डेटाबेस कायमचा गमावत. हे टाळण्यासाठीच नाव बदलले गेले. नोंदवहीच्या याच महत्त्वामुळे ‘एफसिंक’ हे, लिहिलेले खरोखर डिस्कवर पोहोचल्याची खात्री करणारे सेटिंग कोणी कितीही वेगाचे आमिष दाखवले तरी बंद करू नये, कारण ते बंद केल्यावर होकाराला काही अर्थ राहत नाही.

बॅकअप आणि त्याहून महत्त्वाचे रिस्टोअर

आता सरावाचा मुख्य भाग. ‘सराव’ नावाचा डेटाबेस तयार करावा, त्यात एक टेबल करावे आणि ‘जनरेट_सिरीज’ या फंक्शनच्या मदतीने त्यात दहा लाख ओळी भराव्यात. एक वेगळा रोल (सर्व्हरवरचे वापरकर्ता-खाते) तयार करून टेबलाची मालकी त्याच्याकडे द्यावी. मग ‘पीजी_डम्प’ने कस्टम स्वरूपात बॅकअप घ्यावा. येथवर सगळे सोपे असते आणि येथेच बरेच जण थांबतात. थांबू नये. दुसरे आभासी यंत्र घ्यावे, त्यावर तीच आवृत्ती बसवावी, बॅकअपची फाइल तिकडे न्यावी आणि ‘पीजी_रिस्टोअर’ चालवावे.

बहुधा पहिल्याच प्रयत्नात चूक दिसेल: अमुक रोल अस्तित्वात नाही. याचे कारण असे की ‘पीजी_डम्प’ एका डेटाबेसचा बॅकअप घेतो, तर रोल आणि त्यांचे पासवर्ड संपूर्ण सर्व्हरचे असतात आणि त्या फाइलमध्ये येत नाहीत. त्यासाठी ‘पीजी_डम्पऑल’ फक्त सर्वसामायिक गोष्टींच्या पर्यायासह वेगळा चालवावा लागतो आणि रिस्टोअर करताना तो आधी लागू करावा लागतो. ही चूक शांत दुपारी सरावात दिसली तर पाच मिनिटांची असते. खऱ्या सर्व्हरची डिस्क गेल्यावर दिसली, तर कोणत्या रोलला कोणते अधिकार होते हे आठवत बसावे लागते. रिस्टोअर पूर्ण झाल्यावर ओळी मोजाव्यात, शेवटची ओळ कोणत्या वेळेची आहे ते पाहावे, ‘ॲनालाइझ’ चालवून क्वेरी नियोजकासाठीची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागासाठीची) आकडेवारी ताजी करावी, आणि या साऱ्याला एकूण किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. सेवा कधी सुरू होईल असे कोणी विचारील, तेव्हा याच आकड्यावरून उत्तर द्यायचे असते.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेत घडलेली घटना त्यांनी स्वतः सविस्तर प्रसिद्ध केली आहे आणि नव्या व्यवस्थापकाने ती अभ्यासण्याजोगी आहे. रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याला दुय्यम (मुख्य सर्व्हरची सतत अद्ययावत प्रत ठेवणाऱ्या) सर्व्हरवरचे डेटा फोल्डर पुसायचे होते, पण आज्ञा चालली मुख्य सर्व्हरवर. त्यानंतर बॅकअप शोधले तेव्हा कळले की ‘पीजी_डम्प’ची जुनी ९.२ आवृत्ती ९.६ च्या सर्व्हरवर चालवली जात असल्यामुळे नियमित बॅकअप अयशस्वी होत होते, आणि अपयशाची सूचना देणारी ईमेल वाटेतच नाकारली जात होती. शेवटी सुमारे सहा तास आधी घेतलेल्या डिस्क प्रतिमेवरून सेवा उभी राहिली आणि मधल्या वेळचा डेटा गेला. यावरून दोन सवयी घ्याव्यात. बॅकअप फसल्याची सूचना येईल यावर विसंबू नये. उलट ठरलेल्या वेळेत नवी, योग्य आकाराची फाइल तयार झालेली दिसली नाही तर इशारा मिळावा, अशी मांडणी करावी. आणि मुख्य व दुय्यम सर्व्हरच्या पडद्यावरील प्रॉम्प्ट वेगळ्या रंगाचे, यंत्राचे नाव ठळक दाखवणारे ठेवावेत.

दुय्यम सर्व्हर आहे म्हणून बॅकअप नको, असा समज सर्रास आढळतो आणि तो घातक आहे. प्रतिकृती, म्हणजे असा दुय्यम सर्व्हर, ही मुख्य सर्व्हरवर घडलेली प्रत्येक गोष्ट क्षणार्धात आपल्याकडे घेते, आणि चुकून चाललेली ‘डिलीट’ हीसुद्धा तशीच एक गोष्ट असते. यंत्र बिघडले तर प्रतिकृती वाचवते. माणूस चुकला तर बॅकअपच वाचवतो. डेटा मोठा झाल्यावर ‘पीजी_बेसबॅकअप’ने संपूर्ण सर्व्हरची प्रत घ्यावी आणि नोंदवहीचे तुकडे सतत दुसरीकडे साठवावेत. या दोहोंच्या जोरावर सर्व्हर भूतकाळातील नेमक्या क्षणापर्यंत, म्हणजे चुकीची आज्ञा चालण्याच्या एक मिनिट आधीपर्यंत, परत आणता येतो. हाही सराव दुसऱ्या यंत्रावर स्वतः करून पाहावा. बॅकअपची किमान एक प्रत मूळ यंत्राबाहेर ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

दार कोणासाठी उघडायचे

नव्याने बसवलेला सर्व्हर केवळ स्वतःच्याच यंत्रावरून येणारी जोडणी ऐकतो. बाहेरून जोडणी हवी असेल तर ‘लिसन_ॲड्रेसेस’ बदलावे लागते, पण त्याआधी ५४३२ हा पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त ॲप्लिकेशनच्या यंत्रांपुरताच उघडलेला असावा. कोणी, कुठून, कोणत्या पद्धतीने यावे हे ‘पीजी_एचबीए’ या फाइलमध्ये लिहिलेले असते. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळच निर्णायक ठरते. त्या ओळीवर पासवर्ड चुकला तर सर्व्हर पुढच्या ओळीकडे जात नाही. त्यामुळे कोणीतरी कधीतरी तात्पुरती म्हणून वर टाकलेली ‘ट्रस्ट’ (पासवर्ड न विचारता आत घेणाऱ्या) पद्धतीची एक सैल ओळ खालच्या साऱ्या कडक ओळी निरर्थक करते. सर्व्हर वारशाने मिळाला असेल तर पहिल्याच दिवशी ही फाइल शब्दशः वाचावी. पासवर्डसाठी ‘स्क्रॅम-शा-२५६’ ही पद्धत ठेवावी. १४ व्या आवृत्तीपासून पासवर्ड मुळातच या पद्धतीने साठवले जातात.

ॲप्लिकेशनला सुपरयूजरचा, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या रोलचा, पासवर्ड देऊ नये. टेबलांची मालकी एका रोलकडे असावी, जो फक्त रचना बदलताना वापरला जाईल. रोजच्या कामासाठी ॲप्लिकेशनचा दुसरा रोल असावा, ज्याला ओळी वाचण्याचे व बदलण्याचे अधिकार असतील पण टेबल पाडण्याचा नसेल. आणि अहवाल पाहणाऱ्यांसाठी फक्त वाचण्याचा तिसरा. येथे नवशिके हमखास एका जागी अडखळतात. सर्व टेबलांवर अधिकार देणारी ‘ग्रँट’ आज्ञा त्या क्षणी असलेल्या टेबलांनाच लागू होते. पुढच्या महिन्यात नवे टेबल आले की अहवालाच्या रोलला परवानगी नाकारली जाते आणि काल तर चालत होते, असे ऐकावे लागते. त्यासाठी ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ ही आज्ञा आहे, आणि ती टेबले तयार करणाऱ्या रोलच्या नावे द्यावी लागते.

लॉक: दोन खिडक्या उघडून पाहण्याचा प्रयोग

सर्व्हर लटकला, असा निरोप येतो तेव्हा अनेकदा सर्व्हर ठणठणीत असतो आणि कोणीतरी दुसऱ्याने धरलेले लॉक (काम संपेपर्यंत ओळीवरचा किंवा टेबलावरचा ताबा) सुटण्याची वाट पाहत असते. हे वाचून कळत नाही, करून पाहावे. ‘पीएसक्यूएल’च्या दोन खिडक्या उघडाव्यात. पहिलीत ‘बिगिन’ ही व्यवहार सुरू करणारी आज्ञा देऊन सराव टेबलातील १ क्रमांकाची ओळ ‘अपडेट’ करावी आणि ‘कमिट’ न करता तशीच सोडावी. दुसऱ्या खिडकीत तीच ओळ ‘अपडेट’ करावी. दुसरी खिडकी गप्प बसेल: चूक नाही, उत्तर नाही, नुसता लुकलुकणारा कर्सर.

आता तिसरी खिडकी उघडून ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ या दृश्यातून सत्राचा क्रमांक (पीआयडी), क्वेरी, स्थिती आणि प्रतीक्षेचा प्रकार हे रकाने वाचावेत. दुसऱ्या खिडकीच्या ओळीत प्रतीक्षेचा प्रकार ‘लॉक’ दिसेल. पहिल्या खिडकीच्या ओळीत स्थिती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसेल, म्हणजे हे सत्र काहीही करत नाही, पण व्यवहार उघडा ठेवून बसले आहे. ‘पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज’ या फंक्शनला दुसऱ्या सत्राचा क्रमांक दिला की अडवणाऱ्याचा क्रमांक मिळतो. तो ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ला दिला की पहिले सत्र संपते, त्याचा अपुरा बदल रद्द होतो आणि दुसरी खिडकी त्याच क्षणी उत्तर देते. हा प्रयोग दोन-तीनदा केला की पुढे प्रत्यक्ष प्रसंगी सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचा मोह होत नाही. मात्र सत्र संपवण्याआधी ते कोणाचे आहे आणि त्यात किती काम झाले आहे, हे पाहण्याइतका धीर धरावा. विसरलेल्या व्यवहारांसाठी ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ ला काही मिनिटांची मर्यादा घालावी. मुळात ती नसते.

याच विषयातील एक कमी माहितीचा धोका असा. एखादा लांबलचक अहवाल टेबल वाचत असताना कोणी त्याच टेबलाची रचना बदलणारी ‘ऑल्टर टेबल’ आज्ञा दिली, तर ती अहवाल संपेपर्यंत थांबते. पण तिच्यामागून येणाऱ्या साध्या वाचनाच्या क्वेरीसुद्धा तिच्या मागे रांगेत उभ्या राहतात आणि एका क्षणात होणाऱ्या बदलापायी सगळी सेवा खोळंबते. म्हणून रचना बदलण्यापूर्वी त्या सत्रात ‘लॉक_टाइमआउट’ काही सेकंदांचा ठेवावा. लॉक मिळाले नाही तर आज्ञा स्वतःच माघार घेते आणि आपण थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. चालू टेबलावर इंडेक्स घालताना ‘कन्करंटली’ हा पर्याय वापरावा, म्हणजे लिहिणारे अडत नाहीत.

हाताने डेटा दुरुस्त करायची वेळ आली तर नेहमी आधी ‘बिगिन’ लिहावे. एकदा मी घाईत अट न घालता ‘अपडेट’ चालवली होती आणि एक ओळ बदलायची असताना सगळ्या टेबलाच्या ओळींचा आकडा पडद्यावर उमटला. त्या दिवशी ‘बिगिन’ लिहिलेले होते म्हणून ‘रोलबॅक’ करून बदल रद्द करता आले. तेव्हापासून आकडा वाचल्याशिवाय मी ‘कमिट’ लिहिलेले नाही.

मृत ओळींची साफसफाई

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ओळ बदलली की जुनी प्रत जागेवरच राहते आणि नवी प्रत लिहिली जाते, जेणेकरून त्या वेळी वाचत असलेल्यांना त्यांच्या काळातील सुसंगत चित्र दिसत राहावे. कोणालाच नको असलेल्या या जुन्या प्रती ‘व्हॅक्यूम’ गोळा करतो, आणि ऑटोव्हॅक्यूम ते काम आपोआप करतो. नेहमीच्या सेटिंगप्रमाणे टेबलातील ओळींच्या २० टक्के अधिक ५० इतक्या मृत ओळी साचल्या की तो जागा होतो. म्हणजे एक कोटी ओळींच्या टेबलात सुमारे वीस लाख मृत ओळी साचेपर्यंत तो वाट पाहतो. मोठ्या, सतत बदलणाऱ्या टेबलासाठी हे प्रमाण त्या टेबलापुरते कमी करावे. ऑटोव्हॅक्यूममुळे सर्व्हर संथ होतो म्हणून तो बंद करणे ही गंभीर चूक आहे. व्यवहारांचे क्रमांक ३२ बिटांचे असतात आणि व्हॅक्यूमने जुन्या ओळी वेळेवर गोठवल्या (कायमच्या जुन्या अशी खूण केली) नाहीत, तर सुमारे दोनशे कोटी व्यवहारांनंतर सर्व्हर डेटा वाचवण्यासाठी नवे लेखन नाकारतो. आणि वर पाहिलेला विसरलेला उघडा व्यवहार येथेही नडतो, कारण तो सुरू झाल्यानंतर मेलेल्या ओळी तो संपेपर्यंत साफ करता येत नाहीत. ‘व्हॅक्यूम फुल’ हा वेगळा प्रकार आहे: तो टेबल नव्याने लिहितो, त्यासाठी जास्तीची जागा लागते आणि तोवर ते टेबल कोणालाही वाचतासुद्धा येत नाही.

आता वेग

‘शेअर्ड_बफर्स’ (डेटाची पाने मेमरीत ठेवण्याची जागा) मूळचे १२८ मेगाबाइट असते. फक्त डेटाबेससाठी राखलेल्या यंत्रावर मेमरीच्या चौथ्या हिश्शापासून सुरुवात करणे वाजवी ठरते. ‘वर्क_मेम’ (क्वेरी चालवतानाच्या कामापुरती मेमरी) मूळचे ४ मेगाबाइट असते आणि ते वाढवताना जपावे, कारण ती मर्यादा सगळ्या सर्व्हरची किंवा एका सत्राचीही नसून क्वेरीतील प्रत्येक सॉर्ट वा हॅशची असते. शंभर जोडण्यांनी प्रत्येकी तीन सॉर्ट केले तर काय होईल याचा हिशेब आधी करावा. प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हर एक स्वतंत्र प्रक्रिया चालवतो, म्हणून जोडण्या कमी पडल्या की कमाल मर्यादा वाढवत न जाता मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर (थोड्याच जोडण्या अनेकांत वाटणारे साधन) बसवणे बरे.

यापुढे अंदाजाने काही बदलू नये. क्वेरींच्या वेळेची नोंद ठेवणारे ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’ सुरू करावे आणि एकूण वेळेनुसार क्वेरी लावून पाहाव्यात. सर्वांत जास्त वेळ खाणारी क्वेरी पुष्कळदा सर्वांत संथ नसते. ती दोन मिलिसेकंदांची असते आणि दिवसात लाखो वेळा चालते. निवडलेल्या क्वेरीवर ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ चालवून अंदाजित ओळी व प्रत्यक्ष ओळी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. त्यांत शेकडो पटींचा फरक असेल, तर नियोजकाची आकडेवारी शिळी किंवा अपुरी आहे आणि नवा इंडेक्स घालण्याआधी ती सुधारावी. ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते हे विसरू नये. ‘डिलीट’ तपासायची असेल तर ‘बिगिन’ आणि ‘रोलबॅक’ यांच्यामध्येच तपासावी.

रोज सकाळी डिस्कवर किती जागा उरली, रात्रीचा बॅकअप किती मोठा आला, प्रतिकृती किती मागे आहे आणि सर्वांत जुना उघडा व्यवहार कधीचा आहे, हे चार आकडे पाहावेत. प्रतिकृतीचे यंत्र बंद करून तिचा रेप्लिकेशन स्लॉट (तिने नोंदवही कुठवर घेतली याची मुख्य सर्व्हरवरील नोंद) तसाच सोडला असेल, तर मुख्य सर्व्हर तिच्यासाठी नोंदवहीचे तुकडे साठवत राहतो आणि डिस्क भरते. म्हणून न वापरलेले स्लॉट त्याच वेळी काढावेत. रिस्टोअरची कृती, लागणाऱ्या वेळेसह, पायरीपायरीने लिहून डेटाबेसच्या यंत्राबाहेर ठेवावी. मग ती एखाद्या सहकाऱ्याला द्यावी, रिकाम्या यंत्रावर त्याच्याकडून रिस्टोअर करून घ्यावे, आणि तो जिथे जिथे थांबून प्रश्न विचारील, तिथे तिथे कागदात भर घालावी.